हाव आणि हाव

आमच्या यवतमाळात ‘हाव’चे दोन अर्थ आहेत. छापील मराठीतली हाव स्त्रीलिंगी आणि वाईट चालीची. तिच्या नादी लागून माणसं वावर विकतात. बोलण्यातला ‘हाव’ मात्र साधा होकार. ‘‘जेवला काय?’’ ‘‘हाव.’’ ‘‘अजून वाढू?’’ ‘‘हाव.’’ पुण्याकडचा पाहुणा पहिल्या दिवशी हे ऐकून बिचकतो. एवढी उघड कबुली त्यानं आयुष्यात ऐकलेली नसते.

इंटरनेट या दोन्ही हावांवर चालतं हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि त्याची फी आमच्या हिच्या अब्रूनं भरावी लागली.

झालं असं की मुलीचं लग्न पार पडलं आणि फोटोवाल्यानं दोन हजार तीनशे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये घालून आणून दिले. त्यातले चौदाशे त्याच्या मदतनिसाच्या कोपराचे होते, पण ते असो. हिचा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला लग्नाला येता आलं नव्हतं, त्यामुळे फोटो बघायचा पहिला हक्क त्याचा. पुण्याहून आलेला माझा भाचा म्हणाला, ‘‘मामा, दुसऱ्याच्या जागेत कशाला ठेवता? आपल्या घरातूनच दाखवू.’’ भाचा नेटवर्कच्या कामात आहे. त्यानं टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर काढला, त्याच्यावरचा टेबलक्लॉथ हिच्या हाती दिला, आत लिनक्स भरलं आणि जाहीर केलं, ‘‘आता हा सर्व्हर.’’

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, खाटेवर बसून बघत होते. वय शहाऐंशी, कान शाबूत. ‘‘सर्व्हर म्हंजे काय गा?’’

‘‘वाढपी,’’ मी म्हटलं. शब्दशः तोच अर्थ आहे. मोठेबाबांनी एकदा कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. लग्नात याहून मठ्ठ वाढपी त्यांनी पाहिले होते.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर फोटोदर्शन सुरू झालं. तिकडे साळेबुवा लॅपटॉपवर फोटो उघडणार, इकडे ही कॉलवर कोण कुणाची ते सांगणार. पहिल्या पाच मिनिटांतच साळेबुवा म्हणाले, ‘‘भाऊजी, फोटो येते, पण शकुंतलेनं येते.’’

हिचं माहेर मूर्तिजापूर. त्यामुळे शकुंतला रेल्वे म्हणजे त्यांच्या घरची गाडी, आणि माझ्या सासुरवाडीची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, रूळ अडीच फूट रुंद, मालक किलिक निक्सन नावाची इंग्रज कंपनी, आणि हेतू एकच: वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावणं. १९२१ साली मँचेस्टरात बांधलेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत ओढलं. ओढलं म्हणजे इंजिनानं गाडी ओढली. बघणाऱ्याला कधीकधी उलट वाटायचं. मधे उतरून बोरं वेचून पुन्हा त्याच डब्यात चढता येतं, असं प्रत्येक जावयाला सांगत. मलाही सांगितलं. मी उतरलो नाही, कारण नवी चप्पल होती. आता गाडी कित्येक वर्षं बंद आहे आणि ज्यांनी जन्मभर तिला शिव्या घातल्या तेच ती चालू करा म्हणून अर्ज करतात.

टोमणा मला लागला. सकाळीच मी इंटरनेटवाल्याकडे जाऊन तीस एमबीपीएसचा प्लॅन पन्नासाचा केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, आता रॉकेट.’’ रात्री रॉकेट उडालं. आधी एक फोटो दोन सेकंदांत पोचत होता. आता दोन सेकंदांत पोचू लागला.

भाच्यानं हसू दाबलं. ‘‘मामा, रस्ता रुंद करून काय होणार? गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असतानाच घर येतंय.’’

हे मला लगेच पटलं. दत्त चौकातून बसस्थानकाकडे निघालेल्या माणसाची मोटरसायकल दीडशेची असो की साडेतीनशेची, चौथा गिअर त्याच्या नशिबात नसतो. पण इंटरनेटला कसला आलाय गिअर? तेव्हा भाच्यानं जे सांगितलं ते मी माझ्या बुद्धीप्रमाणे पंगतीत बसवून घेतलं, कारण पंगत मला कळते.

समजा, वाढपी अनोळखी गावात वाढायला उभा आहे. समोर बसलेल्याची भूक किती, मधली वाट किती अरुंद, याची त्याला कल्पना नाही. तो पहिल्या खेपेला मोजक्याच पुऱ्या वाढतो आणि तोंडाकडे बघत थांबतो. जेवणारा म्हणतो, ‘‘हाव.’’ म्हणजे पोचल्या. मग वाढपी दुप्पट आणतो. पुन्हा हाव. पुन्हा दुप्पट. दहा, वीस, चाळीस, ऐंशी. बघता बघता वाढपी पळत सुटतो. फोटो म्हणजे अशीच पाकिटं असतात, एकेक दीड किलोबाइटच्या आतबाहेर, आणि दर खेपेला तिकडून ‘हाव’ आल्याशिवाय पुढची खेप मोठी होत नाही. समोरची पत्रावळ केवढी आहे तेही जेवणारा दर वेळी कळवत असतो. वाढप्याची हिंमत आणि पत्रावळीचा आकार यांत जे कमी असेल तेवढंच पडतं. या दुप्पट-दुप्पट वाढण्याला इंटरनेटच्या भाषेत ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात.

आता आमचा पेच बघा. भाच्यानं मोजलं तर यवतमाळहून न्यू जर्सीला पाकीट जाऊन त्याचा हाव परत यायला पाव सेकंद लागत होता. आमचा एकेक फोटो तीन एमबीचा, म्हणजे दोन हजार आणि वर काही पाकिटं. दहापासून दुप्पट करत गेलं तर दहा, तीस, सत्तर, दीडशे असा ढीग वाढत दोन हजारांच्या पार जायला आठ खेपा लागतात. आठ पाव म्हणजे दोन. नुसता पन्नासाचा रस्ता धरला तर अर्ध्या सेकंदाचं काम. उरलेला दीड सेकंद आमचा सर्व्हर न्यू जर्सीच्या तोंडाकडे बघत उभा. मी पैसे भरले होते रस्त्याचे, आणि वेळ जात होता होकारात. प्लॅनच्या जाहिरातीत होकाराचा उल्लेख कुठेच नव्हता.

‘‘पण मंग पहिल्या खेपेलेच सारं काऊन नाही टाकत?’’ मोठेबाबांनी विचारलं. माझ्या मनातही तेच होतं, पण मी मामा असल्यामुळे मान डोलावत होतो.

पूर्वी तसंच टाकत, भाचा म्हणाला. समोरची पत्रावळ मोठी दिसली की सगळा ढीग एकदम. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधलं नेट एकाएकी बसलं. अंतर किती, तर चारशे यार्ड. पान खाऊन परत यावं एवढं. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते ४० वर आले. चाळीस हजार नव्हे, चाळीस. आजच्या पद्धतीनं ‘यवतमाळ’ हा एक शब्द पाठवायला १४४ बिट लागतात. त्या वेगानं तो शब्द पोचायला साडेतीन सेकंद गेले असते, आणि मधे कुणी खोकलं असतं तर तेवढेही पुरले नसते. वाट तुंबली की पाकिटं उशिरा पोचतात. पाठवणाऱ्याला वाटतं हरवली. तो तीच पुन्हा पाठवतो. ती आधीच्यांच्या मागं उभी राहतात. मग तिसऱ्यांदा पाठवतो.

‘‘हे त कापसाच्या लायनीसारखं झालं,’’ मोठेबाबा उठून बसले.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच घालायचा, त्यामुळे खरेदी केंद्रावर साऱ्या तालुक्याच्या बंड्या एकाच फाटकाशी. दोन-दोन, तीन-तीन दिवस रांग. माणसं बंडीखाली झोपत, बैल जागेवर कडबा खात. त्या रांगेत मोठेबाबांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एकदा बंडी घेऊन गेले ते दोन दिवस परतले नाहीत. घरून आजीनं मोठेबाबांना पाठवलं, बाप कुठं राहिला पाहून ये म्हणून. मोठेबाबा रांगेत वडिलांना भेटले आणि गप्पांत तिथेच राहिले. आजीनं दुसऱ्या मुलाला पाठवलं. तोही बसला. मग तिनं सालदाराला दुसरी बंडी जुंपून पाठवलं, भाकरी घेऊन. ती बंडी फाटकाच्या गर्दीत आडवी झाली आणि पुढचा अर्धा दिवस आत जाणाऱ्या कुणालाच वाट राहिली नाही. ‘‘चार मानसं, दोन बंड्या, आन कापूस तसाच,’’ मोठेबाबा म्हणाले. ‘‘मायले कोनी सांगावं, का थांब म्हनून?’’

बर्कलीत हे सांगणारा निघाला. व्हॅन जेकबसन त्याचं नाव. मायकेल कॅरल्स या जोडीदारासोबत १९८८ साली त्यानं जो निबंध छापला त्यात हा उपाय आहे: सुरुवात एका पाकिटानं करा, हाव ऐका, मग वाढवा, अडलं की निम्म्यावर या. गंमत म्हणजे त्यानं याला आधी ‘सॉफ्ट स्टार्ट’ म्हटलं होतं. जॉन नेगल नावाच्या गृहस्थानं १९८७ मध्ये त्याला ‘स्लो’ म्हणायला लावलं आणि बिचारं कायमचं बदनाम झालं. दर खेपेला दुप्पट होणाऱ्याला स्लो म्हणायचं तर शकुंतलेला काय म्हणायचं? तिची तर सुरुवात स्लो, मध्य स्लो आणि शेवट मूर्तिजापूर.

तेव्हापासून एकच वाद चालू आहे: पहिल्या खेपेला पुऱ्या किती? आधी एक. १९९९ मध्ये नियमानं दोन झाल्या. २००२ मध्ये तीन-चार. पाहुणचारही असाच वाढत जातो. एकदा चार वाढल्या की पुढच्या लग्नात तीन वाढणारा कंजूष ठरतो. २०१० मध्ये गूगलच्या मंडळींनी हिशेब मांडला की बहुतेक पानं इतकी लहान असतात की वाढपी पळायच्या आत जेवण आटोपतं, तर पहिल्यालाच दहा वाढा. साठ किलोबाइटचं एखादं चित्र घ्या: एकापासून सुरू केलं तर सहा खेपा, दहापासून तीन. लिनक्सनं २०११ मध्ये दहा धरले, २०१३ च्या एप्रिलमध्ये तसा कागद निघाला आणि जगभरचे वाढपी दहावर आले. आमचा टेबलाखालचासुद्धा.

‘‘आणि हा आकडा आपल्याला बदलता येतो?’’ मी विचारलं.

येतो. पाठवणाऱ्याला येतो, घेणाऱ्यानं कितीही बोंब मारली तरी पुऱ्या किती हे वाढपी ठरवतो. आजवर मी घेणारा होतो. आता सर्व्हर माझ्या टेबलाखाली होता. माझ्या आयुष्यात एवढा अधिकार बँकेत रोखपाल असतानाही कधी आला नव्हता. तिथे माझ्या हातात नोटा असायच्या, पण किती द्यायच्या ते स्लिपवर लिहिलेलं असायचं. त्या आकड्याचं नाव ‘इनिट-सी-डब्ल्यू-एन-डी’. सगळं उच्चारून होईस्तोवर एक खेप होऊन जाते.

भाचा मात्र शहाणा, आधी दुसऱ्याच गोष्टीला हात घातला. लिनक्सची अशी सवय आहे की बोलणं घटकाभर थांबलं तर झालेली ओळख विसरायची आणि पुन्हा दहापासून सुरू. आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं. साळेबुवा एक फोटो उघडायचे. मग ही सांगायची, ‘‘हे पिवळ्या साडीतली दारव्ह्याची, आपल्या मावशीच्या नणंदेची सून, तिचं दिग्रसला ठरलं होतं पण मोडलं.’’ एवढं होईपर्यंत वाढपी ताट घेऊन आत जाऊन झोपलेला असायचा. पुढचा फोटो मागितला की डोळे चोळत येणार आणि नव्यानं नाव-गाव विचारणार. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर आपलीच फाइल आपल्याला पुन्हा समजावून सांगावी लागते, तसंच. भाच्यानं ती सवय एका आज्ञेनं बंद केली. त्या रात्री दुसऱ्या फोटोपासून फोटो असे सटासट पोचू लागले की हिला सोयरीक सांगायला वेळ पुरेना. साळेबुवांनी हात जोडले. तिथे थांबायला हवं होतं.

पण पहिला फोटो अजून दोन सेकंद घेत होता. मला तो सलत होता. ‘‘दहाचे वीस कर,’’ मी म्हटलं.

‘‘वीसनं एक खेप वाचेल, मामा.’’

‘‘मग शंभर.’’

‘‘शंभरनं पाच खेपांत जाईल.’’

‘‘आणि पाचशे?’’

भाचा गप्प झाला. हिशेब त्यानंही केला होता: पाचशे, दीड हजार, साडेतीन हजार, म्हणजे तीन खेपा. पाऊण सेकंद. त्याच्या डोळ्यांत छापील मराठीतली हाव दिसली. कंपनीत त्याला हा आकडा कुणी बदलू देत नसणार. त्यानं पाचशे टाकले. साळेबुवा तिकडे सॉफ्टवेअरवालेच. त्यांना सांगून त्यांच्या लॅपटॉपची पत्रावळही वाढवून घेतली, नाहीतर पाचशे पुऱ्या कशावर पडणार? भर म्हणून भाच्यानं पान असं केलं की एका वेळी सहा मोठे फोटो एकाखाली एक दिसावेत.

एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. आमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या सर्व्हरकडून ब्राउझर सहा फोटोंना एक वाढपी बोलवत नाही, सहा बोलवतो. प्रत्येकाच्या हातात पाचशे. म्हणजे बटण दाबताच तीन हजार पाकिटं, साडेचार एमबीचा लोंढा, आमच्या भिंतीवरच्या इंटरनेटच्या टिचभर डब्याच्या दारात. पन्नासाच्या रस्त्यानं ती निघायला पाऊण सेकंद हवा होता आणि तेवढ्यांना उभं राहायला डब्यात जागा नव्हती. जी मावली नाहीत ती त्यानं सरळ फेकून दिली. आता तिकडून काय ऐकू येणार? ‘‘हाव, चारशे पोचल्या.’’ ‘‘हाव, चारशेच.’’ ‘‘हाव, सांगितलं ना चारशे.’’ तोच हाव पुन्हा तीनदा आला की वाढपी समजतो मधली पुरी पडली. मग मागं येतो. हावच आला नाही तर एकावर. सहाचे सहा वाढपी पंगतीच्या वाटेत एकमेकांवर आदळले, आणि फोटो शकुंतलेच्याही मागं पडले.

आणि त्याच वाटेनं, त्याच तुंबाऱ्यातून, आमच्या हिचा व्हिडिओ न्यू जर्सीला निघाला होता.

आम्हाला इकडे काही कळलं नाही. साळेबुवा नीट दिसत होते, हलत होते, हसत होते. जरा जास्तच हसत होते. तिकडे त्यांच्या पडद्यावर ही थिजली होती: एक डोळा मिटलेला, एक अर्धा, तोंड वासलेलं, उजव्या हातात बुंदीचा लाडू तोंडापासून चार बोटांवर, आणि मागे खाटेवर मोठेबाबा पाठ खाजवताना. साळेबुवांनी या दृश्याचा स्क्रीनशॉट काढला. सख्ख्या भावानं काढला, हे महत्त्वाचं. आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर त्रेपन्न माणसं आहेत. लग्नाच्या दोन हजार तीनशे फोटोंपैकी एकालाही जेवढे अंगठे मिळाले नाहीत तेवढे त्या एका चित्राला पाच मिनिटांत मिळाले.

यानंतर आमच्या घरात जो संवाद झाला त्यात एकही हाव नव्हता.

भाच्यानं निमूटपणे पाचशेचे दहा केले. नंतर हळूच मला सांगितलं की जिम गेटिस नावाच्या जाणकारानं २०११ मध्ये नेमकी हीच शंका लेखी काढली होती: एकटा वाढपी दहा वाढेल हे ठीक, पण ब्राउझर एकाच वेळी अनेकांना बोलवतो, मग अरुंद दारात राहणाऱ्यानं काय करायचं? त्याची तक्रार दहाबद्दल होती. आम्ही पाचशे टाकले होते.

‘‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही पाचशे म्हणालात, मामा.’’

मोठेबाबांनी कूस बदलली. ‘‘आडवी झाली बंडी,’’ एवढंच म्हणाले.

भाचा दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला. जाताना हिच्या पाया पडला. हिनं आशीर्वाद दिला, पण लाडवाचा डबा दिला नाही. लोकांना ते चित्र विसरायला महिना लागला. ग्रुपवर कुणाचाही वाढदिवस आला की केकऐवजी तेच यायचं. ही आता कॉलवर बोलताना हातात काही धरत नाही आणि वाक्य संपलं की तोंड मिटून घेते. चाळीस वर्षांच्या संसारात जे मला जमलं नाही ते तीन हजार पाकिटांनी केलं, पण हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

आकडा बदलायची आज्ञा मात्र मी भाचा टाइप करत असतानाच वहीत उतरवून घेतली होती, किराण्याच्या हिशेबाखाली, तूरडाळ आणि खोबरं यांच्या मधे. परवा दुपारी ही मंडळात गेली होती आणि मोठेबाबांचा डोळा लागला होता. मी टेबलाखाली वाकून दहाचे बारा केले.

कालच्या कॉलवर साळेबुवा क्षणभर थिजल्यासारखे वाटले. हिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही त्या डब्ब्याले हात लावला काय?’’

मोठेबाबा खाटेवरून माझ्याआधी म्हणाले, ‘‘हाव.’’